थोरल्या आईचं रान

मराठवाड्यात आपल्या आज्या-पणज्यांचा माग काढायला निघालं की पहिला प्रश्न येतो, "कशासाठी?" तहसीलमध्ये येतो, पारावर येतो, भावकीत तर चहाच्या आधी येतो. विचारणाऱ्यानं मनाशी दोनच उत्तरं धरलेली असतात. एक तर दाखला काढायचाय, नाहीतर हिस्सा मागायचाय. "नुसतं माहीत करून घ्यायचंय" हे तिसरं उत्तर कुणाच्या पचनी पडत नाही. या फेरीत मी ते इतक्यांदा दिलं की शेवटी माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

शोध होता थोरल्या आईचा. माझ्या वडिलांची ती आजी, पण आमच्या घरात तिला सगळे थोरली आईच म्हणत. औसा तालुक्यात किल्लारीच्या बाजूला एका गावात ती नांदली, ऐन तरुणपणी विधवा झाली आणि एकुलत्या मुलाला घेऊन बार्शीला आली. आधी सरकीच्या जिनात, मग गिरणीत, मग लोकांच्या भाकऱ्या थापून तिनं माझ्या आजोबांना वाढवलं. १९७२ च्या दुष्काळात ती गेली. गाव का सोडलं, याचं घरातलं उत्तर ठरलेलं होतं : "रझाकारांच्या धामधुमीत." आम्हा पुण्यात वाढलेल्या भावंडांना तेवढं पुरायचं. त्यात जरा मिरवायलाही जागा होती.

माझ्याबरोबर आत्या होती. वय शहात्तर, गुडघे दुखरे, जीभ शाबूत. थोरल्या आईला पाहिलेली आता ती एकटीच उरलीय. मुहूर्तही तिनंच काढला. "येळवशीला जाऊ. त्या दिवशी सगळं गाव रानात असतं. घरी गेलं तर दार लावून घेतील, येळवशीला रानातनं कुणी कुणाला हाकलत नसतं." येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं हा दिवस दिवाळीच्या बरोबरीचा.

गावाचं नाव आणि माणसांची नावं इथं देत नाही. जमीन अजून कसली जातेय, माणसं त्याच गावात नांदतायत.

बुधवार : बार्शी ते तुळजापूर

आत्याला बार्शीतून उचललं. तिच्या पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुडघ्याचं तेल आणि थोरल्या आईचा एक जुना फोटो. फोटोत चेहरा कमी आणि पदर जास्त.

येडशीच्या रस्त्याला लागल्यावर आत्या सुरू झाली. बार्शी तालुका इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यातला आणि भोवती बहुतेक बाजूंनी निजामाचा मुलूख. हद्दीवर करोडगिरीचे नाके असायचे, म्हणजे निजामाची जकात. मुक्तिसंग्रामात हे नाके जाळणं हा कार्यकर्त्यांचा ठरलेला उद्योग होता. नाक्याच्या अलीकडं कलदार रुपया, पलीकडं हाली. सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव. थोरली आई म्हणे शेवटपर्यंत मजुरी सांगताना "कलदार" शब्द लावायची. देश स्वतंत्र होऊन, निजाम जाऊन, नवे पैसे येऊनसुद्धा.

"आणि आली कशी ती बार्शीला?" मी विचारलं.

"छोट्या गाडीनं. लातूरला बसली."

बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, ती लातूरपर्यंत पोचली १९११ मध्ये. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी आत्याच्या पिढीला चांगली आठवते. पण मला प्रश्न पडला. रझाकारांना घाबरून पळणारी बाई औशाकडून लातूरला जाऊन, तिकीट काढून, गाडीत बसून येते का?

"गप गाडी चालव," आत्या म्हणाली. तिलाही तो प्रश्न पडलेला होता, हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

तुळजापुरात दर्शनाची रांग मोठी होती, त्याबद्दल लिहीत बसत नाही. आम्हाला हवे होते ते आमच्या गावाचे पुजारी. तुळजापूरला प्रत्येक घराचा पुजारी ठरलेला असतो आणि पुजाऱ्यांच्या घरी यजमानांच्या वह्या असतात. गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, आणि मग ते माळ्यावरून वही काढतात. आमच्या पुजारीबुवांनी लांबट आकाराची, सुतळीनं शिवलेली वही मांडीवर घेतली आणि ओल्या बोटानं पानं उलटत गेले. पणजोबा सापडले, त्यांचे वडील सापडले, धाकटा भाऊ सापडला. कोण कधी नवस फेडायला आला, कुणाच्या पोराचं जावळ काढलं, सगळं चार-चार शब्दांत.

मग आजोबांचं नाव आलं. "मुक्काम बार्शी. सोबत मातोश्री. शके १८६६, अश्विन मास."

शके १८६६ म्हणजे १९४४. नवरात्राला दोघं मायलेक तुळजापूरला आले होते आणि तेव्हाच त्यांचा मुक्काम बार्शीला होता. रझाकारांचा कहर १९४७-४८ चा. पोलीस ॲक्शन १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ ला निजाम शरण आला. म्हणजे थोरली आई त्याच्या किमान तीन-चार वर्षं आधीच बार्शीत पोचलेली होती.

"पुजाऱ्यानं चुकीचं लिहिलं असेल," आत्या बाहेर आल्यावर म्हणाली. मग पायऱ्या चढताना दम खायला थांबली तेव्हा म्हणाली, "पण मातोश्री तरी लिहिलं. बाईमाणसाची नोंद कोण घेतं?"

गुरुवार : रेकॉर्ड रूम आणि भावकी

तुळजापूर-औसा रस्ता आता चौपदरी झालाय. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, हरभरा घाट्यावर, मधूनच करडईचे काटेरी पट्टे. खरिपात या भागात बघावं तिकडं सोयाबीन असतं; ज्वारी दिसते ती रब्बीतच. औशाचा भुईकोट किल्ला रस्त्यावरून दाखवला तर आत्या म्हणाली, "किल्ला कुठं जातोय? कचेरी जाईल बंद होऊन." उद्या येळवस, म्हणजे आज दुपारनंतर कुणी खुर्चीत सापडायचं नाही, हा तिचा हिशेब.

तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये पाय टाकताच कारकुनानं विचारलं, "कुणबी का?"

त्याचं काही चुकलं नाही. २०२३ मध्ये मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधले जुने रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागद, सुटले. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, जन्ममृत्यूची बुकं, निजामाच्या काळातले उर्दू आणि मोडी कागद असं सगळं त्या एका नोंदीसाठी चाळलं गेलं. आमच्यासारख्यांचा त्यात फायदाच झाला. धूळ आधीच झटकलेली होती आणि गठ्ठे गावनिहाय लावलेले होते. "दाखला नकोय, पणजीची माहिती हवीय," म्हटल्यावर कारकून दोन मिनिटं माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पणजीची कशी सापडंल? पणजोबा सांगा."

हे वाक्य त्यानं सहज म्हटलं, पण पुढं दिवसभर तेच खरं ठरत गेलं. महसुलाच्या कागदात माणूस येतो तो सारा भरणारा म्हणून. सारा कोण भरणार एवढंच सरकारला हवं असतं. त्याच्या घरात कोण होतं, कोण राबत होतं, याच्याशी दप्तराला देणं-घेणं नाही.

तरी सेतवारात, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदवहीत, पणजोबा मिळाले. चोवीस एकर आणि काही गुंठे, काळी जमीन, एक विहीर. १९५४-५५ च्या खासऱ्यात तोच सर्व्हे नंबर त्यांच्या धाकट्या भावाच्या नावावर. मधल्या काळात काय झालं ते एका उर्दू कागदात होतं. कारकुनाला उर्दू येत नव्हतं, पण त्यानं उपाय सांगितला : बाहेर लिंबाखाली बसतात ते चाचा.

चाचा म्हणजे जुने अर्जनवीस, लोकांचे अर्ज लिहून देणारे. टेबलावर कार्बनचे कागद, पानाचा डबा आणि भिंग. त्यांनीही तेच विचारलं, "कुनबी निकालना है?" आत्यानं "नक्को" म्हटलं आणि ते खूश झाले. बार्शीची बाई दख्खनीत बोलते म्हटल्यावर चहा आला.

नक्कल समोर धरून ते वाचत गेले. घसटलेलं शिकस्ता अक्षर, नुक्ते म्हणजे टिंबं गाळलेली, तरी त्यांची जीभ अडली नाही. विरासतीची, म्हणजे वारसाची नोंद होती, १३४६ फसलीची. फसली म्हणजे निजामाचं महसुली साल, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३६-३७. पट्टेदार फौत. बेवा मौजूद. पिसर नाबालिग, उम्र नौ साल. म्हणजे पट्टेदार वारला, विधवा हयात, मुलगा अज्ञान, वय नऊ. पट्टा भावाच्या नावे, मुलाचं नाव शिकमीदार म्हणून.

"शिकमीदार बोले तो हिस्सेवाला," चाचांनी भिंग खाली ठेवलं. निजामाच्या महसूल कायद्यात, तो १३१७ फसलीचा, पट्टेदार हा सरकारला सारा देणारा आणि शिकमीदार म्हणजे त्याच जमिनीत ज्याचा वाटा आहे तो. पट्टा एकाच्या नावावर असला तरी शिकमीदाराचा हक्क बुडत नाही, निदान कागदावर तरी.

म्हणजे १९३७ मध्ये नऊ वर्षांच्या आजोबांचा वाटा सरकारदरबारी लिहिलेला होता. १९५४-५५ च्या खासऱ्यात शिकमीचा रकाना रिकामा. मधल्या सतरा-अठरा वर्षांत तो कुणी पुसला, कसा पुसला, याचा कागद आम्हाला मिळाला नाही. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला, त्याआधी औसा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात होतं. त्यामुळं धाराशिवलाही एक अर्ज टाकायला लागणार.

आत्यानं चाचांना विचारलं, "बेवाचं नाव?"

चाचांनी कागद पुन्हा उचलला, भिंग फिरवलं. "नाम नै है अम्मा. सिर्फ बेवा लिखा है."

संध्याकाळी गावात पोचलो. भूकंपानंतर वसवलेलं गाव, सरळ रस्ते, सारख्या अंतरावर घरं. भावकीतले काका, म्हणजे आत्याचे लांबचे चुलतभाऊ, दारातच उभे होते; कचेरीतून कुणीतरी फोन केला असणार. साठीच्या आसपासचे, टोपी, जाकीट. बसायला सतरंजी आली, पाणी आलं. "या अक्का," ते म्हणाले आणि मग बराच वेळ गप्प बसले. तिसऱ्यांदा पाऊसपाण्याची चौकशी झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "कशाला आलाव म्हणायचं?"

"थोरल्या आईचं रान बघायला," आत्या म्हणाली.

"रान व्हय." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कचेरीत गेलता म्हणं."

बोलणं तिथंच अडकलं असतं. आतून एका म्हातारीचा आवाज आला, "उद्या रानात जेवायला बोलीव की त्यास्नी. येळवशीच्या तोंडावर काय कचेरी लावलाव?"

शुक्रवार : येळवस

येळवशीच्या सकाळी या भागातली गावं ओस पडतात. लातूरसारख्या शहरातसुद्धा रस्ते रिकामे होतात, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. ज्यांचं रान नाही ते दुसऱ्याच्या रानात जातात, आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाका मारमारून पंगतीला बसवतात. काही गावांत पूर्वीच्या बैलगाड्यांच्या जागी आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्यात, पण आंबिलाचं मडकं अजून डोक्यावरूनच नेतात.

काकांच्या रानात ज्वारीच्या कडेला कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली, वरून शाल गुंडाळलेली. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांच्यापुढं निवद. पूजा झाली की आंबील शिंपडत रानाला फेरी मारायची, त्याला चर शिंपणं म्हणतात. काकांचा मुलगा मडक्यातलं आंबील ज्वारीच्या ताटांनी उडवत पुढं चालला आणि बारकी पोरं ओरडत मागं. आत्या काठी टेकत बांधावर उभी होती. बार्शीत आमचं रान कुठलं? थोरली आई येळवशीला वाटीभर आंबील करून उंबऱ्यावर शिंपायची, एवढंच आत्याला आठवत होतं. लहानपणी तिला ते येड्यासारखं वाटायचं.

मग पंगत. भज्जी आधी वाढली. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. वाटाणा, ओला हरभरा, तुरीचे दाणे, वालाच्या शेंगा, पातीचा कांदा, गाजर, मेथी, वांगं, जे जे हिरवं रानात आणि बाजारात मिळालं ते सगळं डाळीच्या पिठात शिजवलेलं. बरोबर बाजरीचे उंडे, तिळाच्या भाकरी, गव्हाची खीर आणि वर ताकातलं, लसणाचा वास मारणारं गार आंबील. शेंगांच्या पोळीवर काकूंनी तुपाची धार धरली ती मी "बास" म्हणेपर्यंत आणि त्याच्यानंतरही.

म्हातारी आजी माझ्या शेजारी बसली. ती काकांची आई. तिची सासू म्हणजे त्या धाकट्या दिराची बायको, थोरल्या आईची सख्खी जाऊ. पंच्याऐंशीच्या पुढची असेल, दात नाहीत, उंडा भज्जीत कुस्करून खात होती. आत्यानं फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्याजवळ नेला.

"मी हिला कवा बघितली न्हाई. मी लगीन होऊन आले तवा ही गेलेली. पण मला समदं ठावं हाय. सासूनं मरताना सांगितलंय."

काका जेवता जेवता थांबले. "आये, आता ते कशाला."

"तू जेव." आणि मग ती आत्याकडं वळली. तिचं बोलणं मी लगेच संध्याकाळी लिहून काढलं, ते असं :

"हिचा मालक पटकीनं गेला. पोरगं बारकं. दिरानं पट्टा आपल्या नावावर करून घेतला, म्हणला पोरगं जाणतं झालं की देतो. तवर ही ह्याच रानात रोजानं राबली. सोताच्या रानात, बघ. एक साल ज्वारी लई पिकली. हे बघ, हितं, हिरीच्या खालच्या अंगाला खळं होतं. तिवड्याभोवती बैल फिरले, उफणलं, रास लागली. रास मोजायला बसले तवा ही पोतं घिऊन आली. समद्या बाया पदर पसरायच्या, हिनं पोतं पसरलं. म्हणली, निम्मी माझी. दीर काय बोलला न्हाई. त्यानं पोत्यात सालगड्याला देत्यात तेवढी ज्वारी वतली. हिनं ती तशीच उचलली, राशीवर परत वतली. मग पोतं झटकलं. दोनदा झटकलं म्हणायची सासू, एक दाणा राहू दिला न्हाई. नीट घडी घातली, काखंला मारली, पोराचा हात धरला आन् गेली. मागं बघितलं न्हाई."

आजीनं पुन्हा उंडा कुस्करायला घेतला. "सासू म्हणायची, त्या राशीची ज्वारी घरात आली पर मला ती गोड लागली न्हाई. पर खाल्ली. काय करता?"

"आणि रझाकार?" मी विचारलं.

"ते पुढं आले. ही तवा हितं न्हवतीच. मी माहेरी होते, आठ वर्साची. आमाला पेवात उतरवलं होतं, वर फळी, फळीवर कडबा. माझा बारका भाऊ रडायला लागला म्हणून आईनं त्याच्या तोंडात पदर कोंबलता." तिनं ते सांगितलं आणि पाणी प्यायली.

आत्या फार वेळानं बोलली, आणि माझ्याशी बोलली. "सुनेला कशी सांगेल गं ती, दिरानं अशी केली म्हणून? तिनं रझाकारांचं नाव घेतलं. त्या नावापुढं कुणी काही विचारत नव्हतं."

मला ते पटलं. मराठवाड्यातल्या किती घरांत असं झालं असेल कुणास ठाऊक. रझाकारांनी जे केलं ते केलंच, पण त्यांच्या खात्यावर भावकीनं आपलीही काही पापं जमा करून टाकली.

जेवणं झाल्यावर काकांच्या मुलानं मोबाईल पुढं केला. पोरगा चांगला, बोलका, परीक्षांची तयारी करणारा. दोन वर्षांपूर्वी दाखल्यासाठी त्यानं घराण्याची वंशावळ केली होती, स्टॅम्पवर, प्रतिज्ञापत्रासकट. "ताई, तुमाला हे उपयोगी पडंल," म्हणत त्यानं मला पीडीएफ दाखवली. मूळपुरुष, त्याचे दोन मुलगे. धाकट्या मुलाखाली फांद्याच फांद्या, आजच्या बारक्या पोरांपर्यंत. थोरल्याच्या चौकटीत, म्हणजे माझ्या पणजोबांच्या, फक्त दोन शब्द होते : "लावलद मयत."

मी मोबाईल आत्याकडं दिला. तिनं चष्मा लावून वाचलं. १९३७ मध्ये शिकमीदार, १९५४ मध्ये कोरा रकाना, २०२३ मध्ये निपुत्रिक.

"कुणी सांगितलं रे तुला, लावलद?"

"आत्या, तवा लई घाई होती. वकील म्हणले, जी शाखा ठावं न्हाई तिथं लावलद टाका, न्हायतर त्यांच्या सह्या आणा."

"आरं, लावलदाची नात तुझ्या पुढ्यात बसून उंडा खायलीय की."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. आजी तोंडाला पदर लावून हसायला लागली. काकांना हसू आलं नाही. त्यांनी शेवटी सकाळपासून पोटात धरलेलं बाहेर काढलं. "अक्का, स्पष्ट बोला. हिस्सा मागायला आलाव का?"

"मला भज्जी वाढ अजून," आत्या म्हणाली. "रान तुझं तुला राहू दे. पण ते दोन शब्द खोड."

शनिवार : जुनं गावठाण

सकाळी त्या पोरानं जुनं गावठाण दाखवलं. वेड्या बाभळी, त्यांच्यात दगडांचे ढीग, एका ठिकाणी चौकटीसकट उभं दार आणि मागं काहीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायच्या आत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. दगडमातीच्या हात-दोन हात जाड भिंती आणि वर मातीची माळवदं. ती माळवदंच अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या भावकीतलीही गेली. पोरगा तेव्हा जन्मलेला नव्हता, पण कुणाचं घर कुठं हे त्याला पाठ होतं.

आमच्या मूळ घराचं जोतं शिल्लक आहे. आत्या त्यावर बसली, गुडघ्याला तेल लावलं आणि उठली.

नव्या गावातलं काकांचं घर ७५० चौरस फुटांचं आहे. भूकंपानंतर पूर्ण हलवलेल्या गावांत घरं जमिनीच्या मानानं मिळाली : एक हेक्टरपर्यंत आणि भूमिहीनांना २५०, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. काकांच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर तेव्हा चोवीस एकर एकत्र होती, म्हणजे सात हेक्टरच्या बरीच वर. थोरल्या आईची निम्मी वेगळी निघालेली असती तर हे घर ४०० चौरस फुटांच्या गटात बसलं असतं. मी हा हिशेब तिथल्या तिथं मनात केला आणि कुणाला बोलले नाही. ज्यांनी माणसं गमावून ते घर मिळवलं त्यांना तो ऐकवायचा कसा?

दुपारी तेरणेकाठी थोरल्या आईच्या माहेरच्या गावी गेलो. तिथं काही हाती लागलं नाही. तिचं माहेरचं आडनावच आम्हाला पक्कं माहीत नाही, मग विचारणार काय? पारावर चहा घेतला आणि लातूरला मुक्कामाला गेलो.

रविवार : परत

धाराशिवच्या अलीकडं काकांचा फोन आला. आत्यानं स्पीकर लावला.

"अक्का, वंशावळ नवी करू. तुमची फांदी घालू. पण आधी तुमी समद्यांनी हक्कसोड द्या. पोरांच्या जिवाला घोर नगं."

मला वाटलं, आता आत्या पेटणार. तिनं शांतपणे "कळवते" म्हणून फोन ठेवला आणि मला विचारलं, "हक्कसोडात काय लिहावं लागतं?"

वकील मित्राला विचारलं. तो आधी हसला. इतक्या वर्षांनी तुमचा हक्क कोर्टात किती टिकेल देव जाणे, म्हणाला. पण पत्र करायचंच तर सोडणारे कोण, मूळ मालकाचे ते कोण लागतात आणि हक्क कुणाकडून कसा आला, हे ओळीनं लिहावं लागतं. मग ते दुय्यम निबंधकाकडं नोंदवायचं.

"म्हणजे थोरल्या आईचं नाव घालावं लागेल?"

"घालावंच लागेल. तिच्यावाचून तुमच्यापर्यंत साखळी कशी येणार?"

आत्यानं काकांना फोन लावला. "सही देते. माझी भाची देईल, तिचा भाऊ देईल. पण मसुदा आम्ही लिहिणार. आणि वंशावळ त्याच दिवशी, त्याच टेबलावर."

पलीकडं बराच वेळ ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. मग काका "बरं" म्हणाले.

बार्शीला पोचल्यावर चहासुद्धा न घेता आत्यानं मला कागद-पेन घेऊन बसवलं. पहिल्या परिच्छेदात पणजोबा, दुसऱ्यात त्यांची पत्नी, तिचं नाव पूर्ण, वय, मृत्यूचं साल. तिसऱ्यात आम्ही अडलो. आत्याचं म्हणणं, खळ्याचं आणि पोत्याचं पण घाल. वकील म्हणतो, दस्तात पोतं येत नाही. आत्या त्याला म्हणते, सालगड्याची ज्वारी वतली हा व्यवहारच होता, मग दस्तात का नाही येत? मसुदा अजून तिसऱ्या परिच्छेदावरच आहे आणि दोघांचं फोनवर भांडण चालू आहे.